आमच्या मेडिकलवाल्या भाऊंना

आदरणीय भाऊ,
स. न. वि. वि.

अमळनेरच्या बाजारात औषधांची दुकानं काय कमी आहेत? पण गिऱ्हाइकाला थांबवून "घरात कोण कोण असतं?" असं विचारणारे तुम्हीच. त्याचे आभार चारचौघांत मानावेसे वाटले.

आमच्या ह्यांचं कपाळ लग्नाआधीपासूनच मागे सरकत होतं. कांद्याचा रस झाला, तऱ्हेतऱ्हेची तेलं झाली. मग कुणीतरी फिनास्टेराइडचं नाव सांगितलं. सासऱ्यांना प्रोस्टेटसाठी तीच गोळी चालू, ५ मिलिग्रॅमची. केसांसाठी लागते १ मिलिग्रॅमची. ह्यांचा हिशेब तयार: बाबांच्या गोळीचे तुकडे करायचे, डॉक्टरची फीसुद्धा वाचेल! सासऱ्यांची स्ट्रिप घ्यायला आलो तेव्हा ही युक्ती ह्यांनी तुम्हाला मोठ्या कौतुकानं ऐकवली.

तुम्ही लगेच विचारलंत, "ताई, घरात कुणाला दिवस गेलेत का?" मला तिसरा महिना होता आणि अजून बाहेर कुणाला सांगितलेलंही नव्हतं.

हे औषध डीएचटी नावाचं हार्मोन कमी करतं, म्हणून केसांची मुळं टिकतात. पण पोटातल्या मुलग्याची जननेंद्रियं नीट घडायला तेच हार्मोन लागतं. अख्ख्या गोळीवर थर असतो, ती हाताला लागली तर घाबरायचं कारण नाही. तुटलेल्या गोळीला किंवा तिच्या भुकटीला गरोदर बाईनं हात लावायचा नाही. आणि हे तुकडे व्हायचे होते माझ्याच ओट्यावर, भाजीच्या सुरीनं.

नंतर ह्यांना बाजूला घेऊन तुम्ही जे बोललात ते आमच्याकडे सख्खा भाऊही बोलत नाही. इच्छा कमी होणं, ताठरता न येणं, मन उदास राहणं, छातीत गाठ किंवा दुखणं. बहुतेकांना होत नाही, पण झालं तर लाजून गप्प न बसता डॉक्टरांना सांगायचं. ह्यांनी घरी येऊन मला सगळं सांगितलं. त्यातही तुमच्या बोलण्याचा वाटा आहे.

सासऱ्यांनाही फायदा झालाच. या गोळीनं पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटसाठी करतात त्या रक्ततपासणीचा, आकडा साधारण निम्म्यावर येतो, तेव्हा तपासणीच्या वेळी गोळी चालू असल्याचं सांगायचं, हे त्यांना तुमच्याकडूनच कळलं.

आता ह्यांनी जळगावला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलंय. १ मिलिग्रॅमची गोळी रोज एक, त्यांच्याच चिठ्ठीवर. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात आणि बंद केली की मिळालेले केस वर्षभरात पुन्हा जातात, हे ऐकून हे जरा हिरमुसले; पण निदान आरशासमोरची रोजची मोजणी थांबली. डबी कपाटात वरच्या फळीवर असते, माझ्या कामापासून लांब. आपल्याकडचा पारा ४५ ला टेकतो, म्हणून खिडकीपासूनही लांब.

एक गंमत सांगायची राहिली. गणपतीत मंडळाच्या रक्तदान शिबिरात दरवर्षी पहिला नंबर ह्यांचा. गोळी चालू असताना आणि शेवटच्या गोळीनंतर महिनाभर रक्त द्यायचं नाही, कारण ते गरोदर बाईला चढू शकतं, असं तुम्ही सांगितलं होतं. यंदा पोरांनी कारण विचारलं तर ह्यांनी टोपी काढून डोकंच दाखवलं.

तुमची बहीण,
अमळनेर