फडक्यांचं पार्सल

नाशिक

चि. मिहीर यास अनेक आशीर्वाद.

नव्या घराचे फोटो आईनं दाखवले. हवेशीर दिसतंय. ओट्यावर टिश्यूचे रोल आणि ओल्या वाइप्सची पाकिटं रचलेली पाहून तिनं तुला फोनवर विचारलं, की तिघांच्या घरात एक फडकं नाही का रे? तू म्हणालास, "फडक्यांना वास येतो." आईला ते लागलं. मला मात्र पटलं, म्हणून लिहायला बसलो.

वास येतो तो फडकं वाळत नाही म्हणून. ऐन पावसाळ्यात सिंकच्या नळावर बोळा करून टाकलेलं फडकं कधीच कोरडं होत नाही. त्यातच ओटा, ताटं, हात, फ्रिजचं हँडल, सगळं त्याच एकानं पुसायचं. मॉरिशस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये स्वयंपाकघरातली १०० फडकी तपासली, तर ४९ फडक्यांवर जंतूंची वाढ सापडली. एकच फडकं सगळ्या कामांना वापरलं जात होतं किंवा ते ओलसर होतं, तिथे जंतू जास्त. म्हणजे तुझा संशय रास्त आहे. त्यावर उपाय मात्र रोल आणत राहणं हा नाही. फडकी जास्त हवीत आणि ती वाळायला दोरी हवी.

म्हणून पार्सल पाठवतोय. त्यात आजोबांच्या धोतराचे तुकडे आहेत, आईच्या दोन जुन्या सुती साड्यांचे आहेत आणि थोडा कोरा मांजरपाट. (बोहारीण धडक्या साड्या नेते आणि वर डब्याला झाकण देताना कुरकुरते. विरलेलं सुती कापड आमच्याकडेच उरतं, ते बरंच आहे.) धोतराचं कापड धुऊन धुऊन इतकं मऊ झालंय, की काचेच्या ग्लासावर एक धागा सोडत नाही. मांजरपाटाला खळ असते, तो पहिल्यांदा पाणी नुसतं पसरवतो. दोनतीनदा गरम पाण्यातून काढ, मग शोषायला लागेल. साडीच्या तुकड्यांना आईनं मशीनवर कडेनं शिवण मारलीय, नाहीतर दशा सुटतात. तुझे जुने टी-शर्ट कापलेस तर शिवायची गरज नाही, होजिअरीची कड गुंडाळते पण उसवत नाही. टेरिकॉटचा शर्ट मात्र कापू नकोस. ते कापड पाणी पीतच नाही, इकडचं तिकडे ढकलतं.

लाल दोऱ्याची शिवण आहे ती फडकी फक्त बाथरूमची. पांढरी ओट्याची आणि भांड्यांची. यात तडजोड नको. ओट्याचं फडकं रोज बदलायचं, स्वच्छ दिसलं तरी.

धुणं सोपं आहे. आधी गार पाण्यात खळबळून अन्नाचे कण काढ. आठवड्यातून एकदा सगळी सुती फडकी जुन्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळ. कंफर्टसारखं मऊ करणारं काही घालू नकोस, त्याचा थर बसतो आणि कापड शोषेनासं होतं. हळदीच्या डागासाठी घासत बसू नकोस, उन्हात दोन दिवसांत तो आपोआप फिका पडतो. ऊन नसेल तर पंख्याखाली, पण पसरून. घडी घालून नाही. ब्लीचमध्ये भिजवलेलं फडकं संडासाच्या अ‍ॅसिडजवळ नेऊ नकोस, क्लोरीन वायू सुटतो. आणि फरशीला मावशी येतात ना, त्यांच्या हाती कालचं ओलं पोतेरं देत जाऊ नका. त्यांच्यासाठीही रोज वाळलेलं ठेवा.

मायक्रोफायबरचा तुकडा तू लॅपटॉपसाठी घेतलायस, तो राहू दे. धूळ आणि काच यांना तो सुतीपेक्षा सरस. पण तो म्हणजे बहुतेक पॉलिएस्टर आणि थोडं पॉलिअमाइड. इस्त्री आणि उकळतं पाणी त्याला चालत नाही, सुती फडक्यांबरोबर धुतला तर त्यांचे तंतू धरून बसतो, आणि प्रत्येक धुण्यात प्लास्टिकचे बारीक धागे पाण्याबरोबर गटारात जातात. एक पुरे.

आता मुख्य गोष्ट. तू बॅटला जवसाचं तेल लावतोस. ते पुसलेलं फडकं काय करतोस? अंबडच्या कारखान्यात आमच्या शॉपमध्ये मशिन पुसायला कॉटन वेस्ट, म्हणजे टाकाऊ सुती धाग्यांचे गुंते, किलोवर यायचं. तेलकट झालेलं वेस्ट झाकणाच्या लोखंडी डब्यातच टाकायचं, कोपऱ्यात ढीग दिसला तर सुपरवायझर शिफ्टभर बोलत राहायचे. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि सुकताना तापतं. बोळा करून ठेवलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता कापड पेटू शकतं. म्हणून ते फडकं उघड्यावर सपाट पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळव, किंवा पाण्यात बुडवून ठेव. किटबॅगेत तर कधीच कोंबू नकोस. हे मित्रांनाही सांग.

टिश्यू पूर्ण बंद कर असं मी म्हणत नाही. अंडं फुटलं, कच्च्या चिकनचं पाणी सांडलं, तर कागदानंच पुसून टाकून द्यावं. भज्यांचं तेल टिपायलाही कागदच, पण छापील वर्तमानपत्र नको, शाई अन्नात उतरते. ओल्या वाइप्सचं मात्र मला कौतुक नाही. त्यातल्या बहुतेकांत प्लास्टिकचे तंतू असतात. आपल्याकडे घंटागाडीत ओला-सुका वेगळा देतो, ओल्याचं पाथर्डीच्या प्रकल्पात खत होतं. त्या खतात वाइप्स कुजायच्या नाहीत. संडासात टाकल्या तर ड्रेनेज तुंबतं, आणि तुम्ही तर तिसऱ्या मजल्यावर.

पार्सलमध्ये कैरीच्या लोणच्याची बरणी आहे, ती दोन फडक्यांत गुंडाळलीय. तेल पाझरलं असेल तर ती दोन वेगळी धू. घरमालक दोरीसाठी खिळे मारू देतो का ते विचार. नाही म्हणाला तर कळव, वाळत घालायचा घडीचा स्टँड मेन रोडवरून घेऊन ठेवतो, पुढच्या खेपेला ने.

बाबा