व्हिडिओ रिले सेवेचा खर्च दूरध्वनी व्यवस्थेनेच उचलावा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कर्णबधिर व्यक्तींसाठीच्या व्हिडिओ रिले सेवेचा विषय निघाला की चर्चा ठरावीक दोन वळणे घेते. ‘उपक्रम चांगला आहे, एखाद्या सेवाभावी संस्थेने चालवावा,’ असे काहीजण म्हणतात. तर ‘इतक्या थोड्या लोकांसाठी सार्वजनिक पैशातून एवढा खर्च कशाला?’ असे काहीजण विचारतात. पहिल्यांच्या मनात सद्भावना असते आणि दुसऱ्यांच्या मनात हिशेब, पण ही सेवा दूरध्वनीच्या मूळ व्यवस्थेबाहेरची आहे, वरून जोडलेली सवलत आहे, असे दोघेही धरून चालतात. हे गृहीतकच मला मान्य नाही आणि त्याविषयी जरा सविस्तर लिहिण्यासाठी हे पत्र.

ज्यांनी ही सेवा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तिचे स्वरूप थोडक्यात सांगते. कर्णबधिर व्यक्ती मोबाइलच्या किंवा संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर सांकेतिक भाषेत बोलते. पडद्यावर दुभाषी असतो. तो तिचे म्हणणे ऐकू येणाऱ्या माणसाला साध्या फोनवर आवाजात सांगतो आणि त्याचे उत्तर ऐकता ऐकता हातांनी तिच्यापर्यंत पोहोचवतो. दुभाषी ‘त्या असे म्हणत आहेत’ अशी भाषा वापरत नाही, तो ‘मी’ म्हणूनच बोलतो, कारण संभाषण त्याचे नसते. फोन उलट दिशेनेही येऊ शकतो. एकाच खोलीत समोरासमोर बसलेल्या डॉक्टर आणि रुग्णामधले दुभाष्याचे काम ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे दुभाषी पुरवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते आणि ती रिले सेवेच्या खात्यावर ढकलण्याची पळवाट कोणत्याही योजनेत असू नये. अमेरिकेच्या नियमांनी ती बंद केलेली आहे.

या सेवेचा खर्च मुख्यतः यंत्रांचा नाही, माणसांचा आहे, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. कॅमेरा आणि इंटरनेट आज जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये असते. पैसे लागतात ते दोन भाषांवर सारखीच हुकूमत असलेल्या, बारीकसारीक अर्थ न सांडता पोहोचवणाऱ्या आणि रात्री दोन वाजताही जागेवर असणाऱ्या दुभाष्यांसाठी. या कामाचा ताण बाहेरून दिसत नाही. मोठ्या कार्यालयात फोन लावला की आधी ध्वनिमुद्रित सूचना सुरू होतात: अमुक कामासाठी एक दाबा, तमुक कामासाठी दोन दाबा. दुभाषी चौथा पर्याय खुणांनी सांगत असतो तोवर यंत्र ‘आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही’ असे म्हणून फोन बंद करते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. त्यापुढे जिवंत माणूस भेटला तरी तो अनेकदा ‘त्यांना विचारा’, ‘त्यांना सांगा’ असेच बोलत राहतो. हे सगळे सांभाळत डोळे, कान, हात आणि आवाज एकाच वेळी चालवायचे असतात. असे काम पुरेशा विश्रांतीशिवाय तासन्‌तास कोणाकडून करून घेता येत नाही, आणि करून घेतले तर चुका वाढतात, खांदे-मनगटे कायमची दुखावतात.

मग हा खर्च कोणाचा? टेलिफोनचे पेटंट १८७६ सालचे. दूरध्वनीच्या तारेवरून टंकलेला मजकूर पाठवता येईल अशी जोडणी रॉबर्ट वाइटब्रेख्त या अमेरिकी कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये तयार केली. मधल्या जवळजवळ नऊ दशकांत जगाचा व्यवहार फोनवर गेला. डॉक्टरांची वेळ फोनवर ठरू लागली, नोकरीची पहिली चौकशी फोनवर होऊ लागली, पोलीस आणि अग्निशमन दल फोनवरूनच बोलावले जाऊ लागले. म्हणजे कर्णबधिरांची अडचण केवळ ऐकू न येण्यातून आलेली नाही. प्रत्येकाला ऐकू येते असे धरून उभारलेल्या व्यवस्थेतून ती वाढत गेली आहे. त्या व्यवस्थेने आपल्या रचनेतली उणीव स्वतःच्या खर्चाने भरून काढावी, एवढीच मागणी आहे. शिवाय प्रत्येक फोनला दोन टोके असतात. कर्णबधिर आईने शाळेत फोन केला तर गरज जितकी तिची असते तितकीच शिक्षिकेचीही असते, आणि शिक्षिकेला सांकेतिक भाषा येत नाही हा काही आईचा दोष नव्हे.

दूरसंचार क्षेत्राला हे तत्त्व नवीनही नाही. विरळ वस्तीच्या दुर्गम भागात तार किंवा मनोरा पोहोचवणे महाग पडते, तरी तो सगळा खर्च त्या वस्तीकडून वसूल करावा असे कोणी म्हणत नाही. सर्व कंपन्यांच्या वाट्यातून निधी उभा राहतो. कॅनडात दूरस्थ भागांतल्या घरगुती फोनसाठी असाच एक राष्ट्रीय निधी होता. तिथल्या दूरसंचार नियामकाने एप्रिल २०१४ मध्ये व्हिडिओ रिले सेवेचा निर्णय घेतला तेव्हा याच निधीतून तिच्यासाठी वर्षाला कमाल ३ कोटी कॅनेडियन डॉलरची तरतूद केली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकी व क्वेबेक अशा दोन्ही सांकेतिक भाषांत सेवा सुरू झाली. दुर्गम गावासाठी जो न्याय लागू होता तोच कर्णबधिर नागरिकासाठी लागू झाला. मला ही मांडणी सर्वांत सरळ वाटते, कारण तिच्यात उपकाराचा भाग कुठेच येत नाही.

जपानचे उदाहरण मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. तिथे निप्पॉन फाउंडेशन या खासगी प्रतिष्ठानाने २०१३ पासून प्रायोगिक रिले सेवा चालवली. २०१७ मध्ये आइची प्रांताच्या किनाऱ्याजवळ बोट उलटून समुद्रात अडकलेल्या कर्णबधिर व्यक्तींनी याच सेवेतून तटरक्षक दलाला मदतीसाठी कळवले आणि त्यांची सुटका झाली. सेवा प्रायोगिक होती, ती देण्याचे कायदेशीर बंधन कोणावरही नव्हते. माणसांचे प्राण अशा ऐच्छिक तजविजीवर अवलंबून ठेवता येतील का? जपानच्या संसदेने २०२० मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०२१ पासून सार्वजनिक सेवा दिवसरात्र सुरू झाली. पोलीस, अग्निशमन आणि तटरक्षक दलाचे आपत्कालीन क्रमांकही तिच्यात आले. खर्च दूरध्वनी कंपन्यांमार्फत सर्व ग्राहकांवर वाटला गेला: प्रत्येक क्रमांकामागे महिन्याला एक येनच्या आसपास. एवढ्या किरकोळ रकमेत काम भागते, याचे कारण वाटणी रुंद आहे. हाच खर्च केवळ सेवा वापरणाऱ्यांवर टाकला तर फोन ही त्यांच्यासाठी श्रीमंतांची चैन होऊन बसेल.

ब्रिटनमध्ये १७ जून २०२२ पासून ९९९ या आपत्कालीन क्रमांकासाठी ब्रिटिश सांकेतिक भाषेतील रिले सेवा सुरू झाली. तिचा खर्च दूरसंचार कंपन्यांवर आहे आणि त्यासाठी लागणारा मोबाइल डेटाही मोफत आहे. हा तपशील लहान वाटतो, पण व्हिडिओला डेटा फार लागतो, आणि डेटा संपला म्हणून आग लागल्याचे कळवता आले नाही अशी वेळ कोणावर येता कामा नये. फ्रान्सने २०१६ च्या कायद्याने कंपन्यांवर जबाबदारी टाकली, मात्र २०१८ मध्ये सेवा सुरू करताना दर ग्राहकाला महिन्याला एका तासाची मर्यादा घातली. सुरुवात म्हणून ती समजण्यासारखी असली, तरी तत्त्व म्हणून मला ती पटत नाही. ऐकू येणाऱ्या माणसाला कोणी महिन्याचा तास मोजून देत नाही. आजारी नातेवाइकाची चौकशी, घरमालकाशी वाद आणि विम्याचा दावा एकाच महिन्यात आले तर कर्णबधिर माणसाने त्यातले कोणते सोडून द्यायचे?

मी कर्णबधिर आई-वडिलांची मुलगी आहे. रिले सेवा नव्हती त्या काळात आमच्या घरचे फोन मी करत असे, आणि अशा बहुतेक घरांत मुलेच करत असत. आईच्या तपासणीचा निकाल आला तेव्हा पलीकडून ‘घरात मोठे कोणी नाही का?’ असा प्रश्न आला. मोठे माणूस माझ्या शेजारीच उभे होते, माझ्या चेहऱ्याकडे पाहत. निकालातले निम्मे शब्द मला कळले नाहीत, आणि जे कळले ते आईला कसे सांगायचे हे मला कोणी शिकवलेले नव्हते. पुढे मी दुभाषी झाले. त्या प्रशिक्षणात पहिली शिकवण मिळाली ती गुप्ततेची आणि काहीही न गाळण्याची. या कामाला नियम लागतात, शिक्षण लागते, आणि ते मुलांच्या, शेजाऱ्यांच्या किंवा कार्यालयातल्या सहकाऱ्यांच्या सवडीवर सोडता येत नाही, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलेले आहे. स्वतःच्या आजाराची, पगाराची, घटस्फोटाची गोष्ट पोटच्या मुलाच्या तोंडून सांगावी लागणे यात माणसाचे खासगीपण उरतच नाही.

‘आता सगळे संदेशांवर चालते, मग हे कशाला?’ हा आक्षेप मी वारंवार ऐकते. ज्यांची पहिली भाषा सांकेतिक आहे अशा अनेकांसाठी लिहिलेली भाषा ही दुसरी भाषा असते. तिच्यात भांडण, विनवणी किंवा दुखण्याचे वर्णन तितक्याच सहजपणे जमेल असे नाही. आणि जमले तरी पलीकडच्या बाजूला संदेश वाचणारे कोणी असावे लागते. स्वयंचलित कॅप्शनचा, म्हणजे बोलणे पडद्यावर अक्षरांत दाखवणाऱ्या सोयीचा, उपयोग आहे, विशेषतः वयोमानाने ऐकू येणे कमी झालेल्या आणि स्वतः बोलू शकणाऱ्या व्यक्तींना. पण कॅप्शन हातांची भाषा आवाजात आणत नाहीत. संगणकावरील कृत्रिम दुभाष्याची चर्चा बरीच होते. त्याच्या भरवशावर आज माणसांचे दुभाषी नेमणे लांबणीवर टाकणे म्हणजे या पिढीच्या कर्णबधिरांना वाट पाहायला सांगणे होय.

आक्षेपांपैकी गंभीर आक्षेप गैरव्यवहाराचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याने रिले सेवेला आधार दिला, कंपन्यांच्या वाट्यातून निधी उभा राहिला आणि सेवा देणाऱ्यांना मिनिटांप्रमाणे मोबदला मिळू लागला. दर मिनिटाला पैसे आणि पडताळणी सैल, अशा स्थितीत बनावट फोन लावून मिनिटे फुगवण्याचे प्रकार झाले. नोव्हेंबर २००९ मध्ये अशा प्रकरणांत २६ जणांवर आरोपपत्रे दाखल झाली. यानंतर सेवा बंद करावी असा सूर काहींनी लावला, पण नियामकाने नियम बदलले. दुभाष्यांचा पगार मिनिटांच्या किंवा फोनच्या संख्येशी बांधण्यास बंदी आली, सेवा देणाऱ्यांची प्रमाणपत्रे व लेखापरीक्षण कडक झाले. चोरी मोबदल्याच्या रचनेतून शिरली होती आणि रचना सुधारूनच ती रोखावी लागते. याचा दोष सेवा वापरणाऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. याच्या उलट टोकाला जाऊन दर इतके खाली आणले की कंपनी दुभाष्यांच्या विश्रांतीवर आणि प्रशिक्षणावर कात्री चालवील, तर तीही फसवणूकच होईल, फक्त ती हिशेबाच्या वहीत दिसणार नाही.

म्हणून निधी कोठून येतो यावर बोलताना तो कशावर खर्च होतो हेही ठरलेले असावे. मोबदला मिनिटांवर असो वा ठोक, दुभाषी घडवण्यासाठी वेगळी तरतूद हवी. कारण प्रशिक्षित दुभाषी आधीच थोडे असतील तर रिले सेवा त्यांना रुग्णालये, न्यायालये आणि वर्गखोल्यांमधून ओढून घेते आणि एका ठिकाणची गैरसोय दुसरीकडे सरकते. सेवा चोवीस तास हवी, आपत्कालीन फोन रांगेत पुढे घेतले जावेत, आणि फोन उचलला जाण्यास किती वेळ लागतो याचे बंधनकारक मोजमाप हवे. अमेरिकेत ८० टक्के व्हिडिओ रिले फोन १२० सेकंदांच्या आत घेण्याचा नियम आहे. माझ्या मते दोन मिनिटेही जास्तच आहेत, पण आकडा लिहिलेला असला की निदान जाब विचारता येतो.

बँका आणि तत्सम संस्थांवरही काही जबाबदारी टाकावी लागेल. ‘खातेदाराचाच आवाज हवा’ असे सांगून रिले फोन ठेवून दिल्याचा अनुभव मला कामावर अनेकदा येतो. फसवणुकीचा फोन असावा या शंकेने पहिल्या वाक्यालाच फोन बंद करणारेही पुष्कळ भेटतात. सार्वजनिक पैशातून एवढी सेवा उभी करायची आणि समोरच्याने ती नाकारायची, हे चालू देता येणार नाही. रिले फोन नाकारण्यास मनाई करणारा नियम निधीच्या तरतुदीबरोबरच यायला हवा.

संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, सुगम्यतेच्या नवव्या कलमात, आपत्कालीन सेवांचा आणि सांकेतिक भाषेच्या व्यावसायिक दुभाष्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्या सरकारांनी त्यावर सही केली आहे त्यांना नव्याने तत्त्व मान्य करायचे नाही, फक्त पैशाची सोय करायची आहे. ती दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नावरील कायमस्वरूपी आकारणीतून व्हावी, दरवर्षी नव्याने मागाव्या लागणाऱ्या अनुदानातून नव्हे; आणि दर, वेळा व तक्रारी यांवर निर्णय घेणाऱ्या मंडळात सेवा वापरणाऱ्या कर्णबधिर व्यक्तींना मतदानाच्या अधिकारासह जागा असावी, त्या मंडळाच्या बैठकांना दुभाषी उपलब्ध करून देण्याचा खर्चही याच निधीतून व्हावा.

आपली विश्वासू,
एक सांकेतिक भाषा दुभाषी