दुधाला फॅट-एसएनएफ, मुरघासाला नुसता काटा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संकलन केंद्रावर आमच्या गाईच्या दुधाचा दर ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ (फॅटखेरीजचे घन घटक) धरून ठरतो आणि त्यात पॉइंट घसरला की लिटरमागे पैसे कापले जातात. त्याबद्दल तक्रार नाही, कारण गुणवत्तेवर दर ठरणे रास्तच आहे. मात्र ज्यावर ती गाय जगते तो मुरघास, म्हणजे हवाबंद पिशवीत आंबवलेला हिरवा मका, आम्ही केवळ किलोवर विकत घेतो आणि त्या किलोत चारा किती व पाणी किती, हे विकणारा सांगत नाही.

हे पाणी किती महाग पडते, ते पाहण्यासारखे आहे. मक्याच्या दाण्यातील चीक घट्ट होऊ लागल्यावर कापलेल्या चाऱ्यात ३० ते ३५ टक्के कोरडा अंश (पाणी वगळून उरणारा चारा) मिळतो. मुरघासाचा दर किलोला ७ रुपये धरला, तर ३५ टक्के कोरड्या अंशाच्या मालातील प्रत्यक्ष चारा २० रुपये किलोने पडतो. कणसातला दाणा अजून दुधाळ असतानाच कापलेल्या २२ टक्क्यांच्या मालातील मात्र जवळजवळ ३२ रुपयांनी. दाणा भरलेला नसल्याने पेंड वाढवावी लागते, ती वेगळीच. लवकर कापण्यामागचे कारण उघड आहे: रान आधी मोकळे होते आणि ओला माल काट्यावर चांगला भरतो.

फार ओल्या चाऱ्यातून रस गळतो, आंबवण बिघडते आणि आंबूस वासाऐवजी कुजकट वास येऊ लागतो. फार वाळलेला मका नीट दाबला जात नाही, आत हवा राहते आणि बुरशी धरते. काही बुरशींचे अफ्लाटॉक्सिन हे विष तर बदललेल्या रूपात दुधातही उतरते, ज्याची देशातील कमाल मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. गेल्या उन्हाळ्यात मी घेतलेल्या काही पिशव्यांना गाईंनी तोंडही लावले नाही. ‘पिशवी तुमच्याकडेच फाटली असेल,’ असे विक्रेता म्हणाला, आणि माल कधी कापला याची नोंद कुठेच नसल्याने मला पुढे बोलता आले नाही.

म्हणून प्रत्येक पिशवीवर कापणीची व भरणीची तारीख आणि कोरड्या अंशाची टक्केवारी छापलेली असावी. यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. १०० ग्रॅम नमुना, वजन आणखी घटेनासे होईपर्यंत, न करपवता वाळवून तोलला की उरतील तितके ग्रॅम हाच टक्का. ही सोय दूध संघांना संकलन केंद्रावर सहज करता येईल. राष्ट्रीय पशुधन अभियानातून मुरघास प्रकल्पांना ५० टक्क्यांपर्यंत भांडवली अनुदान मिळते. ते देतानाच ही अट घालता येईल. रब्बीचा मका कापणीला येण्यापूर्वी पशुसंवर्धन विभागाने याचा निर्णय घ्यावा, ही विनंती.

– एक दूध उत्पादक, ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर