मागच्या सीटवर वीस मिनिटं बसून बघ

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. "छोट्या इलेक्ट्रिक गाडीत जरा मोठी बॅटरी टाकायला यांचं काय जातं?" असं तू एका ओळीत विचारलंस, आणि मला काही त्याचं उत्तर एका ओळीत देता येईना. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडले. आज सुट्टी आहे, तर सगळं सांगूनच उठतो.

सुरुवात लाकडापासून करतो. नव्या गाडीचा विचार सुरू झाला की आम्ही इंजिनीअर आधी प्लायवूडचा एक सांगाडा उभा करतो. त्याला आम्ही बक म्हणतो. त्यात खऱ्या सीट, खरं स्टिअरिंग, आणि बाकी सगळ्या फळ्या. बॅटरी जमिनीखाली बसवायची तर आतली जमीन किती वर येईल हे बघायला आम्ही पायाखाली वीस-वीस मिलिमीटरच्या फळ्या टाकत जातो. पहिल्या फळीला काहीच कळत नाही. तिसरीला गुडघे वर आल्यासारखे वाटतात. पाचवीला मांडी सीटवरून सुटते, आणि सगळा भार कमरेच्या खाली एका जागी येतो.

एकदा वेगवेगळ्या वयाची बाहेरची माणसं बोलावली होती. त्यात साठी ओलांडलेल्या एक बाई होत्या. मागच्या सीटवर बसल्या, पाचही फळ्या पायाखाली. चारपाच मिनिटांनी त्यांनी दोन्ही तळवे हळूच मांड्यांखाली सरकवले. मी विचारलं, "त्रास होतोय का?" "नाही हो, ठीक आहे," म्हणाल्या. पण हात काही बाहेर काढले नाहीत. मी त्या दिवशीच्या नोंदवहीत बाकी काय लिहिलं ते आठवत नाही, ते हात मात्र आठवतात. तुझी "जरा मोठी बॅटरी" म्हणजे ती पाचवी फळी आहे.

तू म्हणशील, मग छप्पर वर घ्या, सीट वर घ्या. घेतात. म्हणूनच या गाड्या आखूड आणि उंच दिसतात. पण उंची वाढली की समोरून हवेला भिडणारं क्षेत्रफळ वाढतं, आणि आखूड गाडीला हवेचा मार आधीच जास्त असतो. हवा मागे अलगद सुटायला गाडीला लांब, निमुळती शेपटी लागते. तीन-साडेतीन मीटरच्या गाडीत ती आणायची कुठून? मागची काच जिथे संपते तिथेच गाडी संपते, आणि तिच्यामागे हवा भोवरे करत राहते.

जरा कागद घे. हजार किलोची गाडी धर, समोरचं क्षेत्रफळ दोन चौरस मीटरहून थोडं जास्त. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने एकसारखी चालवलीस, तर टायरचं घर्षण आणि हवा मिळून १०० किलोमीटरला चाकापाशी साधारण ६ युनिट वीज लागते. तीच गाडी ताशी १०० ने चालवलीस, तर आकडा १२ च्या घरात जातो. टायरचा वाटा तेवढाच राहतो, हवेचा वाटा मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे बॅटरी मोठी करण्यापेक्षा वेगाला आवर घातला तर रेंज कितीतरी स्वस्तात मिळते. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. तरी चकचकीत माहितीपत्रकावर बॅटरीचाच आकडा मोठा छापतात.

आणि बॅटरी स्वतःचं वजन एकटं आणत नाही. दहा युनिट वाढवायची म्हणजे पॅक सत्तर किलोच्या आसपास जड होतो. ते सत्तर किलो पेलायला खालची चौकट जाड करावी लागते, मग स्प्रिंग, ब्रेक, टायर, सगळंच एक पायरी वर चढतं. मोठ्या गाडीत हे पचून जातं. आठशे किलोच्या गाडीत नाही पचत. वर माणसं आणि सामान किती बसवायचं याची मर्यादा ठरलेली असते, त्यामुळे कधी कधी ती बॅटरी शब्दशः चौथ्या माणसाची जागा घेते. बीएमडब्ल्यूने २०१३ साली आय३ मध्ये हे चक्र दुसऱ्या टोकाने तोडायचा प्रयत्न केला. कार्बन फायबरची बॉडी केली, म्हणजे वजन कमी आणि बॅटरीही लहान चालते. इंजिनीअर म्हणून त्या गाडीवर माझा अजून जीव आहे. पण कार्बन फायबर परवडणाऱ्या गाडीत येत नाही, तिथे तो रस्ता बंद होतो.

रुंदीचं तर त्याहून अवघड. जपानच्या केई गाड्यांना, म्हणजे कायद्याने माप ठरवून दिलेल्या छोट्या गाड्यांना, रुंदीची कायदेशीर मर्यादा १.४८ मीटर आहे आणि लांबीची ३.४ मीटर. बाजूने खांबावर आदळली तर दार आणि माणूस यांच्यात जेमतेम वीतभर जागा असते. मोठ्या गाडीत पुढे बॉनेट चुरगळायला वाव असतो. बाजूला कुठल्याच गाडीत फारसा नसतो, पण लहान गाडीत तर नाहीच. तो धक्का दाराखालच्या आडव्या तुळईने, आम्ही तिला सिल म्हणतो, पोटात घ्यायचा असतो. शिवाय आता तिच्या आतल्या बाजूला बॅटरी आहे, तीही चेपता कामा नये. सिल दोन्हीकडून दोन-दोन सेंटिमीटर जाड केली की चार सेंटिमीटर गेले. ते एक तर बॅटरीतून जातात, नाही तर खांद्याच्या जागेतून. तिसरी जागाच नाही. निसानने २०२२ मध्ये साकुरा काढली तेव्हा या केई मापात २० युनिटचीच बॅटरी ठेवली, १८० किलोमीटर रेंज सांगितली आणि गाडीत चार माणसांना नीट बसता येईल असं बघितलं. तो आकडा वाचून तुला हसू येईल. मला त्यात कुणीतरी ठाम बसून नकार दिलेला दिसतो.

आता थंडीचं सांगतो, कारण तू तुझ्या पत्रात रेंज अर्धी होते म्हणून रागावला आहेस. पेट्रोलच्या इंजिनातली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, आणि हीटर त्या वाया गेलेल्यातून फुकट चालतो. मोटरची उष्णता इतकी थोडी की तिच्यावर केबिन तापत नाही. मग बॅटरीतूनच ऊब काढावी लागते. कडाक्याच्या थंडीत हीटर ३ किलोवॅट खातो असं धर. शहरात ताशी ३० च्या वेगाने १०० किलोमीटर कापायला तीन तास वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात एकटा हीटर १० युनिट संपवतो. चाकांना त्याहून कमी लागतात! हायवेवर तेच अंतर तासात कापलंस तर हीटरला फक्त ३ युनिट. म्हणजे शहरासाठी केलेल्या गाडीलाच थंडी सगळ्यात जास्त झोंबते. यावर हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारं यंत्र, हा चांगला उपाय, थंडी फार कडाक्याची नसेल तर निम्म्याहून कमी विजेत तेवढीच ऊब देतो, पण त्याचे व्हॉल्व्ह आणि पाइप त्या इवल्याशा नाकात बसवताना जीव जातो, आणि किंमतही वाढते. त्याच्याआधी मी सीट आणि स्टिअरिंग गरम करेन. एका सीटला शंभरेक वॅट पुरतात. आख्ख्या केबिनची हवा तापवण्यापेक्षा माणसाची पाठ तापवलेली बरी.

बॅटरीच्या रसायनाचं थोडक्यात. स्वस्त गाड्यांत आता बहुतेक एलएफपी असते, म्हणजे लोह आणि फॉस्फेट. निकेल नाही, कोबाल्ट नाही, म्हणून स्वस्त, आयुष्य लांब, आणि तापून पेट घ्यायची प्रवृत्ती कमी. तेवढ्याच विजेला वजन आणि जागा मात्र जास्त लागते, म्हणजे पुन्हा फळ्या आल्या. थंडीत ती चार्जिंगला कुरकुरते. आणि तिचा व्होल्टेज चार्ज उतरताना बराच वेळ जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे नेमकी किती उरली आहे हे गाडीलाही चटकन कळत नाही. म्हणून अधूनमधून १०० टक्के भरा असं सांगतात. ते पाळ.

सुहास, आता खरं सांगायचं आहे त्यावर येतो. लहान, परवडणारी गाडी करताना काटछाट करावीच लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण काही काटछाट घेणाऱ्याला दिसते, आणि काही दिसत नाही. मला झोप लागू देत नाही ती दुसरी.

दिसणारी बघ. सिट्रोएनची अमी, २०२० ची. दोन माणसं, ५.५ युनिट बॅटरी, ताशी ४५ चा वेग, ७५ किलोमीटरची रेंज. तिची दोन्ही दारं म्हणजे एकच भाग आहे. एक दार पुढून उघडतं, दुसरं मागून, कारण तोच भाग फिरवून लावलाय. पुढचा आणि मागचा बंपरही एकच. खिडकीची काच हाताने वर दुमडायची. एका साच्यात दोन भाग निघतात, आणि हे सगळं घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आहे. त्याला पटलं तर तो घेईल, नाही तर नाही. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम ब्रेक लावणं तसंच. लोक नाक मुरडतात, पण इलेक्ट्रिक गाडीत बराचसा वेग मोटरच परत विजेत ओढून घेते. ब्रेक इतका कमी वापरला जातो की उघड्या डिस्कला गंज चढतो, बंद ड्रम टिकतो. फोक्सवागनने आयडी.३ सारख्या बऱ्यापैकी महाग गाडीतही मागे ड्रमच ठेवले.

न दिसणारी बघायची तर रेनॉची झोए. २०१३ साली युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेच्या क्रॅश चाचणीत तिला पाच तारे मिळाले होते. पुढे बॅटरी २२ युनिटची ४१ झाली, मग ५२ झाली. आणि पुढच्या सीटमधली डोकं आणि छाती दोन्ही वाचवणारी बाजूची एअरबॅग काढून फक्त छातीपुरती बसवली. २०२१ मध्ये पुन्हा चाचणी झाली तेव्हा शून्य तारे. मधल्या काळात चाचणी कडक झाली हे खरं, ते मान्य करायला हवं. पण शोरूममध्ये उभ्या असलेल्या माणसाला ५२ चा आकडा दिसतो, सीटच्या शिवणीच्या आत घडी करून ठेवलेली एअरबॅग केवढी आहे ते दिसत नाही.

कूलिंगचंही तेच. पहिल्या निसान लीफमध्ये बॅटरी थंड ठेवायला पाणी फिरवायची सोय नव्हती. गाडी स्वस्त आणि साधी झाली, पण उष्ण वाळवंटी भागात काही वर्षांतच तिची क्षमता घसरायला लागली.

हे दुसऱ्यांचं सांगतोय, पण माझ्याही वाट्याला हा प्रसंग आलाय. तुला कधी बोललो नव्हतो. एका प्रकल्पात बॅटरीखालची कूलिंग प्लेट काढायचं घाटत होतं. प्लेट, पंप आणि नळ्या काढल्या तर त्याच पैशात रेंजचा आकडा एका गोल संख्येपलीकडे नेता येत होता. मी तापमानाचे आलेख घेऊन गेलो होतो. सलग दुसऱ्या फास्ट चार्जिंगला बॅटरी किती तापते आणि मग चार्जर किती हळू होतो, सगळं दाखवलं. पण "चार वर्षांनी या गाडीच्या मालकाला काय वाटेल" हे वाक्य माझ्या ओठांवर होतं, ते मी बोललो नाही. प्लेट गेली. कुठे भर उन्हात तसली गाडी उभी दिसली की आजही मी तिच्या खालच्या बाजूला बघतो.

म्हणून तू ज्या चिनी वुलिंग होंगग्वांग मिनीला "खेळणं" म्हणालास, तिच्याबद्दल माझं मत अर्धं तुझ्या बाजूने आहे. २०२० मध्ये ती आली तेव्हा तीन मीटरपेक्षा आखूड होती, सगळ्यात स्वस्त मॉडेलला ९.३ युनिटची बॅटरी, १२० किलोमीटर, फास्ट चार्जिंग नाही. यातलं काहीही मला खटकत नाही. रोज वीस-तीस किलोमीटर जाणाऱ्याला रात्री साध्या प्लगवर लावून सकाळी भरलेली गाडी मिळते. एवढ्या लहान बॅटरीला फास्ट चार्जिंगचे जाड केबल आणि त्यांचे स्विच हवेतच कशाला? खटकतं ते एवढंच, की सुरुवातीच्या स्वस्त मॉडेलमध्ये एअरबॅग नव्हती. बॅटरी लहान ठेवण्याचं धैर्य ज्यांच्यात होतं, त्यांनी तेवढं करायला हवं होतं.

तू गाडी बघायला जाशील तेव्हा रेंज विचारूच नकोस, ती विक्रेते आपणहून सांगतील. बॅटरी कशाने थंड होते, हवेने की पाण्याने, ते विचार. बाजूची एअरबॅग डोक्यापर्यंत येते का ते विचार. क्रॅश टेस्ट कुठल्या वर्षीची आणि ती तुला मिळणाऱ्याच मॉडेलची आहे का, तेही. मग वहिनींना पुढे बसव आणि तू मागच्या सीटवर जा. वीस मिनिटं बस, घाई करू नकोस, विक्रेत्याला बोलू दे. तुझे हात आपोआप मांड्यांखाली जातात का, तेवढं मला कळव.

तुझाच,
मकरंद