सुलभाताई देशपांडे आणि कुलूप लागलेली सभागृहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ज्येष्ठ अभिनेत्री सुलभा देशपांडे यांच्यावर प्रसिद्ध झालेला लेख वाचला. ‘चौकट राजा’मधील आई आणि ‘इंग्लिश विंग्लिश’मधील समजूतदार सासू या दोन भूमिकांभोवती लेख फिरतो आणि रंगभूमीवरील कारकीर्द जेमतेम दोन परिच्छेदांत उरकतो. लेखातील माहितीबद्दल माझी तक्रार नाही. मात्र पडद्यावरच्या प्रेमळ वडीलधाऱ्या बाईच्या आड सुलभाताईंचे खरे काम झाकले जाते, आणि ज्या कामाचा आम्हा खान्देशवासीयांना आज सर्वाधिक उपयोग आहे तेच नेमके राहून जाते, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

1937 साली मुंबईत जन्मलेल्या सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. आपल्या विद्यार्थ्यांसाठी त्या नाटके बसवीत आणि विजय तेंडुलकरांसारखा लेखक त्या मुलांसाठी नाटुकली लिहून देई. पुढे विजया मेहता, अरविंद देशपांडे आदींच्या ‘रंगायन’ या प्रायोगिक नाट्यसंस्थेत त्या घडल्या, हे सर्वांना ठाऊक आहे, पण त्यांची सुरुवात वर्गातून झाली, याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही.

1967 साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक रंगमंचावर आले आणि त्यातील लीला बेणारे सुलभाताईंनी साकारली. बेणारे ही शाळेतली शिक्षिका आहे. वेळेवर वर्गात जाणारी, मुलांत रमणारी, आणि खाजगी आयुष्यातील एका घटनेमुळे जिची नोकरीच जाऊ घातली आहे अशी. स्वतः रोज खडू-फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या बाईने ही भूमिका करावी, याला मी निव्वळ योगायोग मानायला तयार नाही. शिक्षिकेचा आवाज कसा असतो, तो कुठे चढतो, आणि मोठ्या माणसांच्या गराड्यात तोच आवाज कसा एकाकी पडतो, हे त्यांना तालमीत शिकावे लागले नसणार.

नाटकाच्या आरंभी बेणारेचे बोट दाराच्या कडीत सापडते आणि ती ते हसण्यावारी नेते. पुढे वेळ घालवण्यासाठी मांडलेला खोट्या खटल्याचा खेळ हाताबाहेर जातो. ती निघून जायला दाराशी धावते, तेव्हा तीच कडी बाहेरून लागलेली असते. एका लहान गावातले सभागृह, शहरातून प्रयोग करायला आलेली हौशी मंडळी, त्यांना वाट दाखवणारा भाबडा स्थानिक तरुण सामंत, हे सारे जळगाव-भुसावळच्या हौशी रंगकर्मींना इतके ओळखीचे आहे की नाटक जणू आपल्याच तालुक्यात घडते आहे असे वाटावे. सुलभाताईंचे प्रयोग पाहण्याचे भाग्य आमच्यापैकी बहुतेकांना लाभले नाही. तरी सत्यदेव दुबे यांनी 1971 मध्ये याच नाटकावर चित्रपट केला, गोविंद निहलानी यांनी तो चित्रित केला आणि बेणारे त्यातही सुलभाताईच आहेत. ज्यांना या अभिनेत्रीची ताकद पाहायची आहे त्यांनी आधी तो पाहावा, सासू नंतर पाहावी.

‘रंगायन’ फुटल्यावर 1971 मध्ये अरविंद देशपांडे, अरुण काकडे आणि सुलभाताई यांनी ‘आविष्कार’ ही संस्था काढली. हाती पैसा नव्हता, मालकीचे नाट्यगृह नव्हते. तेव्हा, 1974 च्या सुमारास, छबिलदास शाळेचेच सभागृह कामी आले आणि पुढे जवळपास दोन दशके तिथे निरनिराळ्या संस्थांनी प्रायोगिक नाटके केली. ना फिरता रंगमंच, ना मखमली पडदा. नट आणि प्रेक्षक यांच्यात हातभर अंतर. मराठी नाटकाच्या इतिहासात जी ‘छबिलदास चळवळ’ म्हणून नोंदली गेली, तिचे भांडवल म्हणजे मुले घरी गेल्यावर संध्याकाळी उघडी ठेवलेली एक शाळा. ‘आविष्कार’च्याच ‘चंद्रशाला’ या बालरंगभूमी विभागातून सुलभाताईंनी कित्येक मुलांना रंगमंचावर उभे केले आणि तिथले ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य वर्षानुवर्षे होत राहिले. 1978 मध्ये त्यांनी ‘राजा रानी को चाहिए पसीना’ हा बालचित्रपटही दिग्दर्शित केला. ‘भूमिका’, ‘गमन’ वगैरे चित्रपटांतील कामे आणि 1987 चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार यांची नोंद आपल्या लेखात आहेच.

आता आमच्याकडचे. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बऱ्या शाळेला सभागृह आहे. शाळा सुटली की त्याला कुलूप लागते आणि ते उघडते ते परीक्षेला, एखाद्या सत्काराला किंवा स्नेहसंमेलनाला. स्नेहसंमेलनात लाऊडस्पीकरवर सिनेमाची गाणी लावून नाच बसवले जातात, त्यासाठी भाड्याचे झगमगीत कपडे येतात आणि नाटुकले ‘वेळेअभावी’ गळते. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी आमची हौशी मंडळी मात्र तालमीला जागा मिळावी म्हणून कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या गोडाऊनमध्ये हिंडत असतात. वहीगायनासारखी रात्र जागवणारी लोकगायनाची परंपरा असलेल्या मुलखात ही स्थिती यावी, याला कलेची अनास्था म्हणता येणार नाही. किल्ली कुणाच्या खिशात आहे, एवढाच हा प्रश्न आहे.

मी आयुष्यभर एका ग्रामीण शाळेत मराठी शिकवले. नाटुकले बसवताना घरी अहिराणी बोलणारी मुले छापील संवादांना अडखळत. ‘कुठे चाललास’ऐवजी ‘कथा चालना’ म्हणायची मुभा दिली की त्याच मुलाचे खांदे सैल होत, हात मोकळे होत आणि शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचे. वरिष्ठांना ते ‘अशुद्ध’ वाटे आणि त्यावरून मी बोलणीही खाल्ली, तो भाग वेगळा.

संध्याकाळचे दोन तास सभागृह उघडे ठेवायचे तर विजेचे बिल आणि शिपायाचा जादा मेहनताना यापलीकडे खर्च नाही, आणि तो उचलणारे माजी विद्यार्थी प्रत्येक गावात सापडतील. आपल्या जिल्हा पानांवर नाट्य स्पर्धेच्या निकालाची यादी दरवर्षी येते. यंदा तालमी सुरू होण्यापूर्वी, कोणत्या शाळा सभागृह द्यायला तयार आहेत त्यांची यादीही आपण छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अमळनेर