कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या कोब्यावर अनवाणी चालणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

पत्र-बित्र तुम्ही वाचत नाही, मला ठाऊक आहे. नातू वाचून दाखवेल. म्हणूनच उघडं लिहिते. ज्यांच्या कानावर पडायला हवं त्यांच्याही पडू दे.

गेल्या रविवारी नागपुरात आमच्या पोरीची आणि माझ्या पुतण्याची स्पर्धा झाली. चाकांच्या स्केट्सवर जोडीनं करायचा नाच. चौथी आली दोघं. मेडल नाही, पेपरात फोटो नाही. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही पडली नाहीत. खाली उतरून पोरगी माझ्या कानात म्हणाली, "आई, तिथं पण मी आधी पायानं चाचपून पाहिलं." तेव्हापासून जे डोळ्यांना पाणी लागलंय ते हे लिहितानाही आहेच.

हे खूळ मोबाइलवरच्या एका जुन्या व्हिडिओवरून घरात शिरलं. १४ फेब्रुवारी १९८४, युगोस्लाव्हियातल्या सारायेव्होचं हिवाळी ऑलिंपिक, जेन टॉर्व्हिल आणि ख्रिस्तोफर डीन. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची ही जोडी. ती विमा कचेरीत कारकून होती, तो पोलिसात. बर्फावरच्या जोडीनाचात १९८१ ते १९८४ सलग चार वर्षं जगज्जेते. त्या रात्री रावेल या फ्रेंच संगीतकाराच्या 'बोलेरो' या रचनेवर नाचले, तर नऊच्या नऊ परीक्षकांनी कलेसाठी सहापैकी सहा गुण दिले. पुतण्या सांगतो, या प्रकारात जोडीदाराला डोक्यावर उचलायचं नाही, हवेत फेकायचं नाही, मोठ्या उड्या नाहीत. सगळी करामत पात्याच्या धारेवर आणि दोघांनी एकमेकांना न सोडण्यावर.

मला त्यातली गुडघ्यांची गोष्ट फार आवडली. नाच चार मिनिटांचा, वर दहा सेकंदांची सूट. संगीत कितीही कापलं तरी चार मिनिटं अठ्ठावीस सेकंदांच्या खाली येईना. मग नियम काय म्हणतो ते त्यांनी नीट पाहिलं: पातं बर्फाला टेकलं की घड्याळ सुरू. मग काय, सुरुवातीची अठरा सेकंदं दोघं गुडघ्यांवरच राहिली!

आमच्याकडे नियमांचा उपयोग उलटा होतो. एका हॉलची किल्ली मागायला गेले, तर साहेब म्हणाले, "नियमात बसत नाही." दुसऱ्यांनी फरशी खराब होईल म्हणून हाकललं, त्याच फरशीवर लग्नाच्या पंगती उठतात. तिसरे हसून म्हणाले, "बर्फावरचा नाच? बाई, आपल्याकडे बर्फ रसवंतीवर भेटते." शेजारी बसलेले दोघं-तिघंही हसले. पोरगी माझ्या बाजूला उभी होती. नॉटिंगहॅमच्या नगर परिषदेनं त्या जोडीला सरावासाठी वर्षाला चौदा हजार पौंड दिले होते. मी तर फक्त किल्ली मागत होते.

डांबरी रस्त्यावर सराव करून झाला, खड्ड्यांनी चाकं खाल्ली. मग तुमच्या जिनिंगचा कोबा दिसला. मालकाशी तुम्ही काय बोललात, कोण जाणे. एका संध्याकाळी फाटकातून म्हणालात, "पायटी पाचले या. गाड्या यायच्या आत." बस, पहाटे पाचला यायचं, एवढाच आपला करार.

तिसऱ्याच दिवशी चाकाखाली सरकी आली आणि पोरगी हनुवटीवर आपटली. तीन टाके. हंगाम जोरात, कापसाच्या गाड्या रात्रीपर्यंत रिकाम्या होत होत्या. कोब्यावर सरकी सांडणार नाही तर काय होणार. मला वाटलं, संपलं. आठवड्यानं परत आलो तर अख्खा कोबा झाडून लख्ख. खराटा भिंतीला टेकवलेला, आणि तुम्ही चपला काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत होता. मळ्यात चालावं तसं, पिकाची एक ओळ धरून, मग दुसरी. जानेवारीची थंडी, खाली गार सिमेंट. मी म्हटलं, "काका, हे काय?" तुम्ही वर न पाहताच म्हणालात, "डोयाले नाई दिसत ते तयपायाले समजते." आणि वाकून एक सरकी उचलून खिशात टाकली.

तो सबंध हंगाम तुम्ही रोज हे केलंत. एकदा ताप होता तुम्हाला, तरी मफलर गुंडाळून. झाडून दिलं असतंत तरी मी जन्मभर नाव काढलं असतं. पण झाडल्यावर पुन्हा चालून पाहणं, तेही दुसऱ्याच्या लेकरासाठी, ही रीत तुम्हाला कुणी शिकवली? माझ्या पाहण्यातली बरीच चांगली माणसं अशीच आहेत. भाषण नाही, ओळख नाही, हातात कसलं तरी साधं हत्यार. एसटी थांबवून धरणारा कंडक्टर, रात्री वीज आली की शेजाऱ्याचीही मोटर सुरू करून येणारा गडी. यांच्या जिवावर गावं चालतात, आणि सत्काराच्या वेळी हीच माणसं सतरंज्या उचलत असतात.

सारायेव्होची अजून एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी पहाटे सहाला टॉर्व्हिल-डीन रिकाम्या स्टेडियममध्ये सराव करत होते. नाच संपला आणि टाळ्या आल्या. पाहतात तर सफाईवाले काम थांबवून खुर्च्यांवर बसलेले. गुण रात्री मिळाले, पहिली दाद झाडू मारणाऱ्यांनी दिली. पोरीनं मला हे सांगितलं तेव्हा आम्हा दोघींच्या डोळ्यांपुढे एकच माणूस आला. तुम्हीही फाटकाजवळ उलट्या घमेल्यावर बसून बघायचात. टाळ्या मात्र कधी वाजवल्या नाहीत. "उद्या या" म्हणायचात.

दिवाळीनंतर पुन्हा गाड्या सुरू होतील. तुमचा खराटा पार झिजून बुडखा झालाय, म्हणून बाजारातून नवा घेतलाय. पोरगी घेऊन येईल. या खेपेला झाडायचं आम्ही. पायानं चाचपायचं तेवढं तुम्ही करा, ते अजून आम्हाला नीट जमत नाही.

तुमची,
सरकी लागून पडलेल्या पोरीची आई