तलवार बाजूला ठेवून

प्रिय निखिल,

तुझं पत्र वाचलं. तब्येत सुधारतेय हे वाचून जीव भांड्यात पडला. बाकीच्या चौकशा फोनवर करीन. पण शेवटी तू जो प्रश्न टाकलास, ‘लढायचंच नसेल तर त्या गेममध्ये रोज रात्री करतेस तरी काय?’, त्याला फोनवर नीट उत्तर देता येणार नाही. म्हणून लिहायला बसले.

मी कपडे शिवते, निखिल. फायनल फँटसी फोर्टीन या, हजारो लोक एकाच जगात ऑनलाइन खेळतात अशा गेममध्ये माझं कॅरेक्टर वीव्हर, म्हणजे कापडाचा कारागीर, आहे. त्या गेममध्ये हातकामाचे आठ धंदे आहेत आणि कच्चा माल गोळा करण्याचे तीन. प्रत्येकाची लेव्हल वेगळी, अवजारं वेगळी. एकट्या मासेमारीतच माणूस महिनोन् महिने रमतो, कारण काही मासे ठरावीक हवामानात आणि गेममधल्या ठरावीक वेळीच गळाला लागतात. तिथे खेळाडूंची लग्नं लागतात, आणि मग कोणीतरी येऊन सांगतं की सगळ्या पाहुण्यांना एकाच रंगाचे कपडे हवेत. मग मी कामाला लागते. सूत कोणाकडून आणायचं, रंग कोणाकडे मिळेल, हे विचारत फिरण्यात अख्खी संध्याकाळ जाते. ती संध्याकाळ मला कुठल्याही बॉसला हरवण्यापेक्षा प्रिय आहे.

तू म्हणशील, गप्पाच मारायच्या तर चॅट पुरे, गेम कशाला? मला वाटतं फरक हातांचा आहे. नुसतं चॅट करताना दोन माणसांना सतत बोलावं लागतं. विषय संपला की अवघडल्यासारखं होतं. शेजारी बसून मासे धरताना गप्प राहता येतं. मध्येच काहीतरी सुचतं, ते बोलायचं, पुन्हा गप्प. अनोळखी माणसाशी ओळख व्हायला अशी निमित्ताची जागा फार लागते.

आणि हे काही नवं नाही. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी एसेक्स विद्यापीठात १९७८ साली मड हा अनेकांनी एकत्र खेळायचा गेम सुरू केला, तेव्हा पडद्यावर फक्त अक्षरं होती. त्याच बार्टलने १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: यश मिळवणारे, शोध घेणारे, मारणारे आणि माणसांसाठी येणारे. तू पक्का पहिल्यातला, मी चौथ्यातली. त्याआधीच, १९८९ मध्ये, टायनीमड नावाच्या तशाच अक्षरांच्या गेमने लढाई जवळजवळ बाजूलाच ठेवली होती आणि लोक तिथे खोल्या बांधत, बोलत बसत.

पण असा खेळ आपोआप रुजत नाही, हे मला तुला खरं सांगायचं आहे. त्याला दोघांच्याही हाताशी मोकळा वेळ लागतो. १९९९ चा एव्हरक्वेस्ट हा ऑनलाइन गेम आठव. जादूगाराची शक्ती संपली की त्याला खाली बसून ध्यान करावं लागायचं, आणि सुरुवातीच्या काळात पस्तिसाव्या लेव्हलपर्यंत त्या वेळी मंत्रांचं पुस्तक पडदा व्यापून टाकायचं. करायला उरायचं काय, तर शेजारच्याशी बोलणं. खरेदी-विक्रीची सोयही गेमने दिलेली नव्हती, म्हणून कित्येक सर्व्हरवरच्या, म्हणजे त्याच जगाच्या वेगवेगळ्या प्रतींमधल्या, लोकांनी ईस्ट कॉमनलँड्स या गेममधल्या प्रदेशातल्या एका बोगद्यात स्वतःच बाजार भरवायला सुरुवात केली. ओरडून भाव सांगायचे, घासाघीस करायची. २००१ मध्ये एक्स्पान्शनबरोबर, म्हणजे गेमला जोडलेल्या नव्या भागाबरोबर, बझार नावाची खास जागा आली. तिथे तुमचं कॅरेक्टर उभं करून तुम्ही झोपायला जाऊ शकत होता. माल पटापट विकला जाऊ लागला आणि बोगदा ओस पडत गेला. सोय वाढली की ओळख कमी होते, हे मला त्या बोगद्याइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. डंजनसाठी, म्हणजे गटाने मिळून लढत पार करायच्या जागांसाठी, माणसं आपोआप जमवून देणारी यंत्रणा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेममध्ये २००९ च्या अखेरीला आली, तेव्हाही तेच झालं. गट मिनिटांत जमतो, दुसऱ्या सर्व्हरवरची माणसं भेटतात, काम झालं की पांगतात.

सगळ्यात मोठं धाडस केलं स्टार वॉर्स गॅलक्सीज या गेमने, २००३ मध्ये. त्यात नर्तक आणि वादक हे पूर्णवेळ पेशे होते. लढून आलेल्या माणसाला थकवा चढायचा, मनाला जखमा व्हायच्या, आणि त्या उतरवायच्या तर कँटिनात, म्हणजे तिथल्या मद्यगृहात, जाऊन नाच बघायचा, वाद्यं ऐकायची. कारागिरांचंही तसंच. खनिजं ठरावीक दिवसांनी बदलायची, प्रत्येक साठ्याचे गुण वेगळे, वस्तू झिजायच्या, त्यामुळे चांगल्या शस्त्रकाराचं नाव सर्व्हरभर व्हायचं. बंदूक न उचलता माणूस प्रसिद्ध व्हायचा! हे वाचलं की आजही मला हेवा वाटतो.

तरी तिथलं सगळं गोड नव्हतं. निकोलस ड्यूशेनो आणि रॉबर्ट मूर या संशोधकांनी त्या कँटिनांमध्ये कोण काय करतं हे नोंदवून २००४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की बरेच नर्तक मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, लावून नाचत होते, समोरचे थकवा उतरेपर्यंत उभे राहून निघून जात होते, आणि माणसांनी भरलेल्या खोलीत बोलणं फारच थोडं होतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. गरज निर्माण केली म्हणजे मैत्री होते असं नाही. औषध म्हणून नाच बघायला लावलं की तो रांगेत उभं राहण्यासारखा होतो. पुढे नोव्हेंबर २००५ मध्ये एका मोठ्या बदलात तीसहून अधिक पेशे कापून नऊवर आणले गेले, आणि १५ डिसेंबर २०११ ला गेमच बंद झाला.

याच्या अगदी उलटं लॉर्ड ऑफ द रिंग्स ऑनलाइन या गेममध्ये. तिथल्या वादनातून कोणाला काही मिळत नाही, ना अनुभवाचे गुण, ना सोनं. खेळाडू गाण्याचा एकेक भाग लिहून आणतात, कोणी ल्यूट घेतं, कोणी ढोल, सगळे आपापला भाग तयार ठेवतात आणि बँडमधला एकजण सुरुवातीची आज्ञा देतो. त्या क्षणी सगळी वाद्यं एकदम लागली पाहिजेत. २००९ पासून गेममधल्या वेदरटॉपच्या टेकडीवर वेदरस्टॉक नावाचा मेळावा भरतो, तो सगळा खेळाडूंनीच उभा केलेला. कोणालाच गरज नाही, आणि तरी डोंगर भरून माणसं येतात. म्हणून आता मी मोकळा वेळ गरजेच्याही आधी मांडते.

हे सगळं खोटं, पडद्यावरचं, असं तुझे बाबा म्हणतात ते मला ठाऊक आहे. त्यांना मॅट्स स्टीनबद्दल सांग. हा नॉर्वेतला तरुण स्नायूंच्या डुशेन आजाराने २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी गेला. आपला मुलगा एकटा पडला असं आईवडिलांना वाटत होतं. त्यांनी त्याच्या जाण्याची बातमी ऑनलाइन टाकली, आणि स्टारलाइट या वॉरक्राफ्टमधल्या रोलप्ले गिल्डमधून, म्हणजे आपापल्या पात्राची भूमिका वठवत खेळणाऱ्यांच्या गटातून, पत्रांवर पत्रं येऊ लागली. त्याने कोणाचं ऐकून घेतलं होतं, कोणाला वाईट दिवसांत सांभाळलं होतं. वेगवेगळ्या देशांतून माणसं त्याच्या अंत्यविधीला गेली. तो त्या जगात चालायचा, धावायचा, लोकांशी बोलायचा. माझ्यासाठी या विषयात याहून मोठा पुरावा नाही.

तर आता तुझी पाळी. अजून काही आठवडे घरीच आहेस ना? फायनल फँटसी फोर्टीनची मोफत ट्रायल घे, तिला दिवसांची मुदत नाही. तिच्यात बाजाराच्या फळ्यावर खरेदी-विक्री करता येत नाही, फ्री कंपनीत, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटातही, शिरता येत नाही, पण मासे धरणं आणि शेजारच्याशी बोलणं अडत नाही. आधी दहाव्या लेव्हलपर्यंत तुझी आवडती मारामारी करावीच लागेल, त्याशिवाय दुसरा पेशा मिळत नाही. मग लिम्सा लोमिन्सा या गेममधल्या बंदराच्या शहरातल्या फिशर्स गिल्डमध्ये, म्हणजे मासेमारांच्या संघात, जाऊन गळ घे. सर्व्हर कुठला निवडायचा ते मी मेसेज करते. नाव ठरलं की कळव, म्हणजे तुला शोधता येईल. आणि आमिष आधी विकत घे, ते नसलं तर गळ टाकताच येत नाही.

तुझी,
मेघना